अर्ध्या बोटाचा मध्यम

संगीत-परीक्षांच्या अभ्यासक्रमात सोप्याकडून अवघडाकडे जाणारी एक वाट असते. आधी शुद्ध स्वरांचे अलंकार, मग कोमल आणि तीव्र स्वर, मग राग. ही वाट गळ्यासाठी आणि पेटीसाठी आखलेली आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पांढरी एकला षड्ज धरला, तर बिलावलचे सातही स्वर पेटीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेत उभेच असतात. अंबाजोगाईत आम्ही चार-पाच जण, दहा वर्षांपासून पन्नाशीपर्यंतचे, बासरीच्या प्रवेशिकेची तयारी करू लागलो, तेव्हा पहिल्याच अलंकाराने कळले की बांबूचा अभ्यासक्रम निराळा आहे.

बासरीची वरची तीन भोके झाकली की षड्ज वाजतो. एकेक बोट उचलत गेले की रिषभ आणि गांधार येतात. सगळी बोटे उचलली की मध्यम यावा असे वाटते. येतो, पण तीव्र. शुद्ध मध्यमासाठी पहिले भोक अर्धेच झाकावे लागते. म्हणजे बासरीचे जन्मजात सप्तक बिलावलचे नव्हे, कल्याणचे! त्यातून मध्यमावरून पंचमावर जाताना सहाही बोटे एकदम खाली यावी लागतात आणि फुंकरही पालटावी लागते. गळ्याला जे एक पाऊल, ते बासरीवर ओढा ओलांडण्यासारखे. ‘सारेगम, रेगमप’ हा अलंकार आम्ही महिना महिना घोटला, तो नेमका या दोन जागांसाठी.

रागांच्या बाबतीतही तेच. भूप सुखाचा, कारण त्यात मध्यमही नाही आणि निषादही नाही. अर्धे बोट कुठेच लागत नाही. दुर्गाही पाचच स्वरांचा, परंतु त्यात शुद्ध मध्यम येतो आणि बोट थरथरू लागते. भीमपलासात कोमल गांधार, कोमल निषाद आणि शुद्ध मध्यम असे तीन स्वर अर्ध्या भोकांवरचे. शिवाय वादी मध्यम. ज्या स्वरावर विसावायचे, तोच सर्वांत डळमळीत. गतीही सतारीच्या घरातल्या. रजाखानीचे ‘दा दिर’ नखीच्या आघाताचे. ते बासरीवर आणायचे तर जिभेच्या हलक्या टोल्याने, आणि तरीही श्वास तुटू द्यायचा नाही. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब, खर्जाची बासरी रागसंगीताच्या मैफलीत आणली, त्याला अजून शतकही लोटलेले नाही. सतारीच्या मानाने बासरी या घरात नवखी आहे. तिने दुसऱ्यांचे कपडे अंगाला बेतून घेतले, यात नवल नाही.

मग परीक्षा द्यायचीच कशाला, हा प्रश्न आमच्यातही निघाला. परीक्षेने कलावंत घडत नाही, हे वाक्य आपल्याकडे पुष्कळ खपते. ते खोटे नाही. पण ते बहुधा ज्यांच्या गावात गुरू आहेत, मैफली आहेत, त्यांच्या तोंडी असते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा विद्या घराण्याच्या उंबरठ्याबाहेर आणून वर्गात, स्वरलिपीत मांडावी हाच त्यांचा हेतू होता. १९३१ साली ते गेल्यावर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या परीक्षांमुळे लहान गावांतल्या विद्यार्थ्यालाही एक ठरलेली तारीख आणि एक परका कान मिळाला. घरच्यांच्या कौतुकात अर्ध्या बोटाचा मध्यम खपून जातो. परक्या कानापुढे खपत नाही.

बीड जिल्ह्यात मात्र या तारखेचाही एक पेच आहे. परीक्षांची सत्रे दोन: एक नोव्हेंबर-डिसेंबरात, दुसरे एप्रिल-मेमध्ये. बासरीला हिवाळा मानवतो. पण दसरा झाला की इथल्या ऊसतोड कुटुंबांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि परततात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी. आमच्यातला एक मुलगा असाच दरवर्षी आईवडिलांबरोबर जातो. त्याच्यासाठी हिवाळ्याचे सत्र नाहीच. उरतो उन्हाळा, आणि तेव्हा इथला पारा चाळिशी ओलांडतो. तापमान १ अंशाने वाढले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि बासरीचा सूर चढतो. कोरड्या हवेत बांबूला चीर जाण्याचे भय वेगळेच; म्हणून तेलाचे बोट आणि सुती पिशवी. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला उन्हाची बाधा नाही. त्याचा खटका किंचित फिरवून त्यालाच बासरीपाशी आणावे लागते.

तो मुलगा बासरी पाचटाच्या कोपीत नेतो. दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या माणसांच्या झोपेत पलटे घोटता येत नाहीत. म्हणून तो न फुंकता नुसती बोटे चालवतो. परतला तेव्हा त्याची फुंकर विरळ झाली होती, पण मध्यमावरचे बोट आमच्या सर्वांहून स्थिर होते. हे पाहून आम्हीही रोज पाव घटका मुकी बासरी वाजवू लागलो.

परीक्षक विचारतील ते ठरलेले आहे: आरोह-अवरोह, वादी-संवादी, रागाचा समय, हातावर ताल धरून त्रितालाची दुगुण. स्वर कुठे बसून पक्का केला, हे विचारायला गुणपत्रिकेत रकाना नाही, आणि तो नसावाही. उन्हाळ्याच्या सत्रात एक मुलगा भीमपलास वाजवील आणि त्याचा मध्यम जागच्या जागी असेल. अभ्यासक्रमाने त्याच्याकडे मागितले ते एवढेच. अन् ते थोडके नाही.