आधी दखाड, मंग कर

दूरच्या राउटरला हात लावण्याआधी आमच्या पिढीतले नेटवर्कवाले एक आज्ञा द्यायचे : 'रिलोड इन १०'. दहा मिनिटांनी राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणार आणि आधी जतन केलेली मांडणी घेऊन उभा राहणार. तेवढ्या वेळात नवा नियम घालायचा. नियम चुकीचा बसला आणि आपलाच रस्ता बंद झाला, तर घड्याळाकडे बघत थांबायचं. राउटर जुन्या रूपात परत यायचा. सगळं नीट झालं, तर 'रिलोड कॅन्सल' आणि त्यानंतरच 'राइट मेमरी'. सिस्कोच्या यंत्रांवर ही सोय आजही आहे आणि मला ती आजही आवडते. पण बदलाने काय होईल हे तेव्हा बदल केल्यावरच कळायचं.

मी देवपूरचा. पांझरेच्या त्या तीरावर धुळ्याची पेठ, या तीरावर आम्ही. विद्यानगरीत १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि वाडीभोकर रोड, नकाणे रोडच्या घरांतून मुलं पदवी घेऊन रात्रीच्या एसटीने पुण्याला जाऊ लागली. मीही तसाच गेलो. तिथल्या सर्व्हर रूममध्ये माझे वरिष्ठ साक्रीकडचे निघाले. सगळे त्यांना आबा म्हणत. इतरांशी ते इंग्रजीत नाहीतर पुणेरी मराठीत बोलत, माझ्याशी मात्र अहिराणीत. कुठलाही बदल करायचा म्हटलं की त्यांचं एकच असे : "भाऊ, आधी दखाड, मंग कर."

दाखवायचं म्हणजे ज्या आज्ञा द्यायच्या त्या सगळ्या क्रमाने नोटपॅडमध्ये लिहून, कागदावर छापून त्यांच्या टेबलावर ठेवायच्या. ते पेन्सिल घेऊन ओळीओळीवर थांबत. ही ओळ चालली की कोणाचं कनेक्शन तुटेल? या डिस्कवर आत्ता काय आहे ते पाहिलं का? उत्तर आलं नाही तर कागद परत. पास झाला तर शनिवारी रात्री चेंज विंडो. मी कीबोर्डवर, ते घरून फोनवर. प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचायचो आणि पलीकडून "हां, मार" आलं की एंटर दाबायचो.

त्या फोनची मला फार आठवण येते. कुठला सर्व्हर कशावर अवलंबून आहे, कुठल्या स्विचचं कुठलं पोर्ट दगा देतं, नोकरी सोडून गेलेल्या कोणी कुठे क्रॉन जॉब लावून ठेवलाय, हे सगळं त्या एका माणसाला तोंडपाठ होतं. म्हणून बदलाचं आगाऊ चित्रही त्यांच्याच डोक्यात तयार व्हायचं. आम्हाला त्यातला फक्त निकाल मिळे : मार, किंवा थांब. आबा गावी गेले की पंचाईत. ती भारनियमनाची वर्षं होती; गावाकडे वीज नसली की मोबाइलही लागेना, आणि सगळे बदल सोमवारवर जात.

बाहेरच्या जगात तोवर हालचाल सुरू झालेली होती. ऑस्लोमध्ये मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिलं होतं, २००५ मध्ये पपेट आलं. आमच्यासाठी खरा फरक पडला तो टेराफॉर्ममुळे. हॅशिकॉर्पने ते जुलै २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं आणि 'प्लॅन' ही आज्ञा त्यात पहिल्यापासून होती. सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस, सगळं फाइलींमध्ये लिहायचं. प्लॅन त्या फाइली, नोंदवून ठेवलेली स्थिती आणि क्लाउडवर प्रत्यक्ष असलेलं, या तिन्हींचा मेळ घालून सांगतो की काय नवं बनेल, काय बदलेल आणि काय जाईल. नव्यापुढे अधिकची खूण, बदलापुढे नागमोडी, जाणाऱ्यापुढे उणे. २०१६ मध्ये ॲमेझॉनचं मुंबई रीजन सुरू झालं आणि रॅकमधले आमचे सर्व्हर हळूहळू तिकडे गेले.

सुरुवातीला प्रत्येक जण हा प्लॅन आपापल्या लॅपटॉपवर चालवायचा. रिव्ह्यू करणाऱ्यापुढे नुसता कोड यायचा. परिणाम काय, हे लिहिणारा सांगेल तेवढंच. फार तर त्याने कालचा प्लॅन चिकटवलेला असायचा. मग २०१७ मध्ये हूटसूटच्या इंजिनिअरांनी अटलांटिस खुलं केलं. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, उघडली की प्लॅन आपोआप चालतो, निकाल त्याच पानावर सगळ्यांसमोर येतो, आणि तो बदल मार्गी लागेपर्यंत त्या भागाला कुलूप राहतं, म्हणजे दोघांचे बदल एकमेकांवर चढत नाहीत. आता हेच काम गिटहब ॲक्शन्स किंवा गिटलॅबच्या पाइपलाइनमधूनही होतं.

मी आता देवपूरहूनच काम करतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीने सिक्युरिटी ग्रुपच्या वर्णनातलं स्पेलिंग सुधारलं. कोडमध्ये फरक एका अक्षराचा. पेन्सिल घेऊन बसलेले आबासुद्धा कदाचित त्यावरून पुढे गेले असते. पण प्लॅनमध्ये उणे-अधिक अशी जोडखूण उमटली. ॲमेझॉनमध्ये सिक्युरिटी ग्रुपचं वर्णन एकदा लिहिलं की बदलता येत नाही, म्हणून टेराफॉर्म तो ग्रुप पाडून नवा उभारणार होतं. चालू डेटाबेस त्याच ग्रुपला जोडलेला, आणि जोडणी असेतो ग्रुप पाडता येत नाही. म्हणजे प्लॅन अमलात आणणारं 'अप्लाय' अर्ध्यावर अडकलं असतं. तिनेच विचारलं, "दादा, एका अक्षरासाठी हा अख्खा ग्रुप पाडणार?" स्पेलिंग तसंच राहिलं, आणि क्लाउडची ही खोड त्या दिवशी टीममधल्या सगळ्यांना कळली. आबांच्या काळात असा प्रश्न सर्वांत नव्या माणसाला विचारता आला नसता. त्याच्यापर्यंत ते चित्र पोहोचायचंच नाही.

पांझरेकाठच्या माणसाला आधी दाखवून मग करण्याची ही रीत परकी वाटू नये. साक्रीकडच्या गावांत शेकडो वर्षं फड पद्धतीने शेती भिजत आली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, गावची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक. यंदा ऊस कोणत्या फडात आणि हंगामी पीक कोणत्या, हे पाणी सुटण्याआधीच सगळ्यांच्या साक्षीने ठरायचं आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी सोडायचा. टोकाच्या शेतकऱ्यालाही आपल्या वावरात काय येणार, हे आधी ठाऊक असे.

प्लॅनच्या या सोयीला काही पथ्यं आहेत आणि ती मी कडकपणे पाळतो. प्लॅन नुसतं दाखवतो खरा, पण दाखवताना कोड चालवतो. बाहेरच्या अनोळखी माणसाच्या पुल रिक्वेस्टवर तो आपोआप चालू दिला, तर किल्ल्या चोरीला जाऊ शकतात. म्हणून प्लॅनला फक्त वाचण्याची परवानगी असलेली किल्ली द्यायची, अप्लायची वेगळी. टेराफॉर्म पासवर्ड पडद्यावर झाकतं, पण जतन केलेल्या प्लॅन फाइलमध्ये ते उघडे राहतात, तेव्हा ती फाइल कुठे पडते याकडे लक्ष हवं. आणि मंजूर झाला असेल तोच प्लॅन जतन करून अप्लाय करायचा. मध्यंतरी नोंदवलेली स्थिती बदलली असेल, तर टेराफॉर्म तो शिळा झाला म्हणून नाकारतं, आणि ते बरंच आहे.

खरी काळजी वाटते ती वाचण्याची. प्लॅन कधी कधी शेकडो ओळींचा येतो. नुसतं लेबल बदललं तरी प्रत्येक सर्व्हरपुढे नागमोडी खूण, आणि त्या गर्दीत एखादं उणे. पाइपलाइनची हिरवी खूण दिसली की लोक खालपर्यंत न जाता मंजुरी देतात. आबांची पेन्सिल प्रत्येक ओळीवर थांबायची. ती सवय कुठल्याही यंत्राबरोबर आपसूक मिळत नाही. आमच्याकडे प्लॅनमध्ये एकही उणे असलं तर पाइपलाइन थांबते आणि दुसऱ्या माणसाची मंजुरी मागते. काय जाणार आणि का, हे लिहिणाऱ्याने आपल्या शब्दांत लिहायचं. इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत लिहा, असं मी स्पष्ट सांगून ठेवलंय.

रविवारी विद्यानगरीतली काही मुलं माझ्याकडे शिकायला येतात. छोटासा बदल देतो आणि लॅपटॉप मिटायला लावतो. किती अधिक, किती उणे, किती नागमोडी, हे आधी कागदावर लिहायचं. मग प्लॅन चालवायचा. कागद आणि पडदा जुळला नाही की त्यांच्यात वाद पेटतो, दस्तऐवज उघडले जातात, कोणीतरी हट्टाने पुन्हा प्लॅन चालवतं. तो वाद मी लवकर मिटवत नाही.