रस्ता पाहून पाय पसरावे

नोएडाच्या नावातच त्याची जन्मकथा आहे. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले. १९७६ मध्ये यमुनेच्या पूर्वकाठी कारखान्यांसाठी वसवलेल्या या शहरात आज कचेऱ्या आहेत, उंच इमारती आहेत आणि सुटीच्या पहाटे मोटारसायकली घेऊन भटकायला निघणारी हौशी मंडळीही आहेत.

त्यांची एक आवडती वाट आग्र्याची. ग्रेटर नोएडाचा परी चौक ओलांडला की यमुना एक्सप्रेस वे लागतो. ९ ऑगस्ट २०१२ रोजी खुला झालेला हा काँक्रीटचा सहापदरी रस्ता सुमारे १६५ किलोमीटरचा. जेवर, मथुरा मागे टाकत तो आग्र्याला पोहोचतो. दुचाकींना येथे टोल भरावा लागतो.

गंमत अशी, की अशा सरळसोट रस्त्यावरच शरीर लवकर अवघडते. शहरात गिअर, ब्रेक, सिग्नल यांमुळे पाय सतत हलत असतात. येथे ते तासन्‌तास एकाच कोनात दुमडलेले राहतात. गुडघे भरून येतात, पायांना मुंग्या येतात, कंबर कुरकुरू लागते. यावर उपाय म्हणून पुढच्या लेगगार्डवर फूटरेस्टची आणखी एक जोडी बसवतात. तिला ‘हायवे पेग’ म्हणतात. त्यावर पाय ठेवले, की ते पुढे मोकळे होतात.

मागे बसणाऱ्यासाठी फूटरेस्ट असणे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सक्तीचे आहे. पुढची ही जोडी मात्र निव्वळ सोयीची. दिल्लीत करोल बागेच्या दुकानांतून असे सामान मिळते. घेताना लेगगार्डच्या नळीची जाडी मोजून न्यावी. क्लॅम्प सैल बसला तर पेग भारासरशी फिरतो. पाय ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पेग घडी होणारा असावा, म्हणजे गाडी कलली तरी तो जमिनीत रुतत नाही. फ्रेमला वेल्डिंग मुळीच करू नये. मूळ रचनेतील फेरफार कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. इंजिनाच्या थरथरीने नटबोल्ट ढिले होतात, म्हणून प्रवासाआधी पाना फिरवून पाहावा. शिवाय लेगगार्ड पायांच्या रक्षणासाठी असते, त्यावर सारे वजन टाकून उभे राहणे धोक्याचे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा ब्रेकचा. मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. पाय पेगवर असेल, तर तो परत आणण्यात वेळ जातो. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते! एवढ्यात एखादे कुत्रे आडवे आले तर? म्हणून मोकळ्या, सरळ पट्ट्यातच आणि थोडा वेळच पाय पसरावेत. टोलनाका, वळण, पुढे ट्रक किंवा हिवाळ्यातले दाट धुके असेल, तर पाय आपल्या मूळ जागी हवेत.

आणि मागे बसलेल्या सौभाग्यवतींचे काय? त्यांना पाय पसरायला जागाच नसते. तेव्हा तासाभराने गाडी सोयीच्या थांब्यावर न्यावी, दोघांनी चार पावले चालावे, चहा घ्यावा. आग्रा किल्ल्यासमोरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा तासभर उशिराने दिसला, म्हणून काही बिघडत नाही.