‘आभासी’ या शब्दाविषयी

काही प्रतिशब्द मूळ शब्दाचा अर्थ सांगतात, तर काही मूळ शब्दावर निकाल देतात. ‘व्हर्च्युअल’साठी मराठीत रूढ झालेला ‘आभासी’ हा शब्द दुसऱ्या जातीचा आहे, असे आमचे मत झाले आहे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. यंत्रविद्येशी आमचा संबंध आला तो महाविद्यालयाच्या एका बैठकीपुरता. परंतु त्या बैठकीत या एका शब्दाने जे केले, ते नोंदवण्याजोगे वाटते.

महाविद्यालयात पाच सर्व्हर होते : प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय, लेखा आणि पाचवा आमच्या विभागाचा. या पाचव्यावर विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून केलेली बोलींची ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांतील कित्येक माणसे आज हयात नाहीत. पाचही यंत्रे रात्रंदिवस चालत. प्रत्येकाला काम मात्र बेताचेच. परीक्षेचा सर्व्हर वर्षातून दोनदा घामाघूम होई, एरवी नुसता वीज खाई, आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी वातानुकूलन अखंड चालू. तेव्हा एक समर्थ यंत्र घ्यावे आणि त्यावर पाच ‘आभासी यंत्रे’ चालवावीत, असा प्रस्ताव आला. त्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “माणसांचे खरे आवाज आभासी यंत्रात ठेवायचे?” सभागृह हसले, आम्हीही हसलो. विषय मात्र तिथेच अडला.

‘आभास’ म्हटले की आपल्याकडे दोरीवरचा साप आठवतो : जे दिसते पण नसते, ज्ञान होताच जे मावळते. ‘व्हर्च्युअल’ची वाट अगदी उलटी आहे. त्याच्या मुळाशी ‘विर्तुस’ हा लॅटिन शब्द, म्हणजे सामर्थ्य, गुण. रूपाने नसले तरी कार्याने जे असते, ते व्हर्च्युअल. दोरीचा साप चावत नाही. आभासी यंत्र मात्र खरा निकाल लावते, खरे वेतनपत्रक काढते.

ही कल्पना नवीही नाही. आयबीएमने 1972 साली व्हीएम/370 ही प्रणाली जाहीर केली, तेव्हाच एका महाकाय संगणकावर अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे काम करता येऊ लागले होते. 1974 साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी अशा व्यवस्थेच्या तीन कसोट्या मांडल्या : कार्यक्रम मूळ यंत्रावर जसा चालेल तसाच चालावा, बहुतेक आज्ञा मध्यस्थाविना थेट पार पडाव्यात, आणि साधनांवरचा ताबा मध्यस्थाकडेच राहावा. भाषांतराच्या वर्गात आम्ही मूळनिष्ठा, ओघ आणि भाषांतरकाराचा अधिकार यांविषयी जे बोलतो, त्याच्याशी याचे नाते कुणाच्याही ध्यानात यावे.

हे साम्य केवळ आमच्या मनचे नाही. पुढे घरोघर पोहोचलेल्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत एक अडचण होती. त्यांच्या काही आज्ञा अधिकार नसताना दिल्या, तर यंत्र हरकत घेत नसे. गुपचूप काहीतरी वेगळेच करी. मध्यस्थाला पत्ताच लागत नसे. व्हीएमवेअरने 1999 साली आपले पहिले उत्पादन आणले, त्यातील तोड अक्षरशः भाषांतराची होती : पाहुण्या प्रणालीचा गाभा चालता चालता वाचायचा, घातक आज्ञांच्या जागी निर्धोक आज्ञा घालायच्या, आणि सामान्य कार्यक्रमांना हात न लावता थेट चालू द्यायचे. 2005 साली इंटेलने आणि 2006 साली एएमडीने प्रोसेसरमध्येच या व्यवस्थेला आधार दिला. गंमत अशी की, 2006 साली व्हीएमवेअरच्याच दोन अभियंत्यांनी दाखवून दिले, की पहिल्या पिढीचा तो आधार या भाषांतरापेक्षा अनेकदा वेगवान ठरत नव्हता. चांगल्या भाषांतरकाराला सहज निवृत्त करता येत नाही!

असो. आमची खरी तक्रार अशी, की ‘आभासी’ या शब्दाने सभेची भीती भलतीकडेच वळवली. आवाज खरे राहतील का, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा होता, की पाच बिऱ्हाडे एका वाड्यात आल्यावर वाड्याची तुळईच मोडली तर काय? पूर्वी एक यंत्र बंद पडले तर एक काम थांबे. आता पाचही थांबतील. आणि त्याच व्यवस्थेचे बळ असे, की समग्र यंत्र ही एक फाइल होते. तिची प्रत करून ती दुसऱ्या गावी ठेवता येते, आणि दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभी करता येते. मात्र ती प्रत कुणीतरी नेमाने करावी लागते. त्याच यंत्रावर राखलेली प्रत ही प्रत नव्हे.

पुढच्या बैठकीत आम्ही ‘आभासी’ हा शब्द टाळून ‘एका यंत्रातील पाच स्वतंत्र यंत्रे’ असे म्हटले आणि दोनच अटी घातल्या : ध्वनिमुद्रणांची एक प्रत इमारतीबाहेर असावी, आणि ती उघडते की नाही हे दर सत्रात विभागाने स्वतः ऐकून पाहावे. प्रस्ताव दहा मिनिटांत संमत झाला. परिभाषा घडवणाऱ्यांनी यातून काय घ्यायचे ते घ्यावे. आमच्यापुरते एवढेच, की या सत्राची ऐकण्याची पाळी आमची आहे.