ढगांआडून पाहणारी नजर

उलव्याच्या मुलांना आता विमानाचं नवल राहिलेलं नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवाशांची ये-जा सुरू झाली आणि आमच्या वर्गात प्रश्नही विमानाचेच येऊ लागले. त्यातला एक इथे मांडतो: पावसाळ्यात ढग दाटले असताना वरून खालची जमीन दिसते का?

डोळ्याला दिसत नाही, साध्या कॅमेऱ्यालाही नाही. रडारला दिसते. रडार स्वतःच रेडिओलहरी सोडतं आणि जमिनीवरून परत येणाऱ्या लहरी टिपतं. त्याला ना उजेड लागतो, ना मोकळं आकाश. लहर जितकी लांब, म्हणजे वारंवारता जितकी कमी, तितकी ती झाडांच्या पानांतून आत शिरते. पण लांब लहरींनी बारीक चित्र काढायचं तर अँटेना फार मोठी हवी. ती विमानाला बांधणार कशी? म्हणून विमान पुढे सरकताना ठिकठिकाणी परत आलेल्या लहरी गणिताने जोडतात आणि छोटी अँटेना मोठीचं काम करते. यालाच सिंथेटिक अपर्चर रडार म्हणतात.

इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने एल आणि एस या दोन पट्ट्यांचं असं रडार विमानातून उडवून पाहिलं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा ‘निसार’ उपग्रह झेपावला. त्याची एल पट्ट्यातली लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब आहे. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. दोन फेऱ्यांतली चित्रं ताडून पाहिली की जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी कळतं.

त्याआधी ११ वर्षं, नेमक्या ३० जुलैलाच, माळीणवर डोंगर कोसळला होता. एका एसटी चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. पुढे २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. दोन्ही आपल्या रायगडातली.

आमची खाला महाडकडे डोंगराच्या पायथ्याशी राहते. जुलैत पाऊस कोसळू लागला की आमच्या घरी तिच्या फोनकडे कान असतात. हे सगळं ऐकून ती म्हणाली, “बेटा, डोंगर पडायच्या आधी ही मशीन सांगेल का?”

आम्ही खरं तेच सांगितलं. हळूहळू सरकणारा उतार तिला दिसू शकतो. एका रात्रीच्या पावसात सुटणारी दरड मात्र १२ दिवसांच्या फेरीत सापडेलच असं नाही.

“म्हणजे निघायचं कधी, ते आम्हीच ठरवायचं,” खाला म्हणाली.

खालाचं बरोबर आहे. डोंगराच्या कुशीत ज्यांची घरं आहेत, त्यांनी जून उजाडण्याआधीच बसून बोलावं: रात्री निघायची वेळ आली तर कुणाकडे जायचं, म्हाताऱ्यांना कोण धरणार, कागदपत्रांची पिशवी कुठे असेल. कोणता उतार सरकतोय, ते रडार दाखवील. अंथरूण सोडून बाहेर पडायचं काम घरच्यांनाच करावं लागेल.