गेलेले खाते

‘बरे झाले, पीडा टळली.’

जानेवारी २०२३ मधल्या त्या रात्री मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर असूनही हे शब्द माझ्या तोंडून निघून गेले. बारावीच्या परीक्षेला जेमतेम सहा आठवडे उरले होते. अडीच वर्षे तो ज्या खेळात रोज रात्री रमत आला होता, त्या खेळाच्या कंपनीने त्याचे खाते कायमचे बंद केले होते. मी शाळेत मराठी शिकवतो. शब्द जपून वापरावेत असे मुलांना रोज सांगतो.

खेळ संगणकावरचा, इंटरनेटवरून अनेकांनी एकत्र खेळायचा. एका काल्पनिक अमेरिकी शहरात गाड्या चोरायच्या, दरोडे घालायचे, पोलिसांना चुकवायचे आणि मिळालेल्या पैशांतून घरे, गोदामे, नव्या गाड्या घ्यायच्या. खेळाचे नाव मुद्दामच देत नाही. दोष त्या एकट्याचाच आहे असे वाटायला नको. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी अमरावतीहून एक जुना संगणक आणला होता, त्याच्याच पाठोपाठ हा खेळ आमच्या अचलपूरच्या घरात आला. मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. खेळावर ‘अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी’ अशी सूचना होती, ती मी पुष्कळ उशिरा वाचली. हा प्रमाद माझा.

आम्हा पालकांना भीती असते ती हिंसेची. मलाही होती. म्हणून एका रात्री मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. बंदुका, पाठलाग, शिवराळ भाषा हे सारे होतेच, आणि त्यातले बरेचसे मला पाहवले नाही. परंतु ज्याची मी कल्पना केली नव्हती असेही काही दिसले. चौघे मित्र होते. अकोल्याचा त्याचा मावसभाऊ त्यांतला एक. त्याच्याकडची वीज गेली की उरलेले तिघे दरोडा थांबवून त्याची वाट पाहत बसत. कोणी पुढे जायचे, कोणी पाठ राखायची, वाटा कसा करायचा, याची चर्चा आमच्या शिक्षकांच्या बैठकीपेक्षा शिस्तीत चाले. खऱ्या पैशांनी खेळातले पैसे विकत घेण्याची सोय होती, पण तो त्या वाटेला गेला नाही. ‘माझे सगळे मेहनतीचे आहे, बाबा,’ असे तो मोठ्या अभिमानाने सांगे. चोरीच्या गाड्यांना मेहनतीची कमाई म्हणणे ऐकून मला हसू आले होते. आता तितकेसे येत नाही.

मग घडले ते असे. अशा खेळांत काही जण बनावट प्रणाली वापरून शिरतात. एका रात्री असाच कोणी अनोळखी खेळाडू आला आणि त्या वेळी खेळात असलेल्या सर्वांच्या खात्यांत त्याने खोट्या पैशांचा पाऊस पाडला. नको म्हणण्याची सोय नव्हती. पुढे कंपनीच्या तपासणीत ती रक्कम आढळली आणि माझा मुलगा लबाडी करणारा ठरला. अडीच वर्षांतले सारे पुसले गेले. त्याने दाद मागितली. उत्तर आले: निर्णय अंतिम आहे, यावर अधिक पत्रव्यवहार होणार नाही. खाली कोणाचे नावही नव्हते.

माझी अपेक्षा अशी की, खेळ सुटला, आता मुलगा लवकर झोपेल आणि अभ्यासाला लागेल. झाले उलटेच. पूर्वी तो एक वाजता झोपत असे. आता चार वाजेपर्यंत छताकडे पाहत पडून राही. जेवण निम्म्यावर आले. पुस्तक उघडे असे, पान मात्र उलटले जात नसे. माझ्या आईला त्या खेळातले काहीएक कळत नाही. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ‘काहून हासतं त्याले? त्याचं काही तरी गेलं हाये. पोट्टं जेवून नाही रायलं, अन् तुले हासू येते.’

मला शिक्षकांच्या खोलीतला एक जुना प्रसंग आठवला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली. पबजी हा मोबाइलवरचा खेळ त्यांतच होता. गावातली कितीतरी मुले दुसऱ्या दिवशी सुतकात बसल्यासारखी दिसत होती आणि आम्ही शिक्षक त्यावर विनोद करीत होतो. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. आमच्यापैकी एकाही शिक्षकाने एकाही मुलाला ‘तुझे काय गेले?’ असे विचारले नाही, हे मात्र खरे.

हे व्यसनच असणार, असे धरून मी वाचन सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातल्या कसोट्या स्पष्ट आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, आयुष्यातल्या इतर गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. आणि हे सारे साधारणपणे बारा महिने टिकलेले, शिक्षण, कुटुंब व मित्रसंबंध यांची मोठी हानी करणारे असले पाहिजे. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा विकार जडतो, असेही संघटना सांगते. मी एकेका कसोटीवर मुलाला घासून पाहत होतो आणि, लाज वाटते पण लिहितो, तो तीत बसावा अशी मला आशा होती. तो बसला नाही. दहावी चांगल्या गुणांनी झाली होती, सणावाराला तो घरात असे, आजीला दवाखान्यात नेई. झोपेची मात्र त्याने खरोखरच माती केली होती. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. त्याला अडीच वर्षे धड सहाही मिळाली नव्हती.

परतवाड्याचे आमचे नेहमीचे डॉक्टर मितभाषी आहेत. त्यांनी मुलाला विचारले, ‘खेळ बंद झाल्यावर रात्री दहा वाजता तू काय करतोस?’ तो म्हणाला, ‘काही नाही. ते तिघे अजून खेळतात.’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. एवढे मला दोन आठवड्यांत समजले नव्हते. गाड्या आणि गोदामे गेल्याचे दुःख होतेच, पण दहा वाजता ज्या कट्ट्यावर त्याचे मित्र जमत, तिथे त्याला आता मज्जाव होता. औषध दिले नाही. झोप लागो न लागो, सकाळी सहाला उठायचे. उठल्याबरोबर उजेडात चालायला जायचे. रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवायचा. आणि दिवसातून एकदा कोणत्या तरी मित्राला समोरासमोर भेटायचे. ‘पहिले काही दिवस वडिलांनी बरोबर जावे,’ हे त्यांनी मलाच ऐकवले.

म्हणून आम्ही दोघे रोज पहाटे शकुंतलेच्या रुळांकडे फिरायला जाऊ लागलो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: अचलपूर ते मूर्तिजापूर ही सुमारे ७६ किलोमीटरची अरुंद रुळांची आगगाडी आता बंद पडलेली आहे. माझे आजोळ मूर्तिजापूरकडचे. लहानपणी मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडवलेल्या वाफेच्या इंजिनामागून आम्ही ते अंतर चार-चार तास कापत असू. १९९४ मध्ये ते इंजिन जाऊन डिझेलचे आले, तेव्हा मी मुलापेक्षा फार मोठा नव्हतो आणि घरी येऊन जेवलो नव्हतो. तो मार्ग इंग्रजी अमदानीत एका खासगी कंपनीने बांधला होता आणि स्वातंत्र्यानंतरही मालकी तिच्याकडेच राहिली, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आम्ही तिला ‘आमची शकुंतला’ म्हणत होतो, एवढेच.

हे मी त्याला एका सकाळी चालता चालता सांगितले. आपण जिथे कष्ट आणि जीव गुंतवतो ती जागा पुष्कळदा दुसऱ्याची असते, असे काहीसे मला सुचवायचे होते. मास्तरकीची खोड. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘पण तुम्हाला कोणी चोर म्हटले नव्हते, बाबा.’

मला उत्तर सुचले नाही. ज्या खेळात सारी कमाईच चोरीची, त्या खेळाने न केलेल्या लबाडीसाठी त्याला दोषी ठरवले होते, आणि बापाने त्यावर ‘बरे झाले’ म्हटले होते.

अशा तक्रारी जगभर आहेत. ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या एपिक गेम्स कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जी कारवाई केली, तीत एक आक्षेप असा होता की, न केलेल्या खरेदीबद्दल ज्या ग्राहकांनी बँकेकडे तक्रार केली त्यांचीच खाती कंपनीने बंद केली. पुढे कॅलिफोर्नियात कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला: डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसेल, केवळ वापराचा परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगावे लागते. आमच्या खेळाच्या अटींतही ते लिहिलेले होते. तो मजकूर मी पुढे एका रविवारी सबंध वाचला. आमच्या घरात तो वाचणारा मी पहिलाच.

त्या सकाळी परतल्यावर मी त्याला म्हटले, ‘चल, पुन्हा एक पत्र लिहू. या वेळी दोघे मिळून.’ परीक्षेला महिना उरलेला असताना बारावीच्या मुलाबरोबर मी खेळाच्या कंपनीला इंग्रजीतून पत्र लिहीत बसलो, हे पाहून पत्नीने कपाळाला हात लावला. सबंध दुपार गेली. कोणत्या रात्री काय घडले, कोण कोण हजर होते, सारे त्याने तारीखवार सांगितले. अकोल्याच्या भावाने आपली साक्षही लिहून पाठवली. शेवटी मी एक वाक्य घातले: माझा मुलगा लबाडी करीत नाही, हे मी त्याचा वडील म्हणून सांगतो. ते त्याने दोनदा वाचले आणि खोडले नाही.

त्या रात्री तो अकराला झोपला. उत्तर तिसऱ्या दिवशी आले. निर्णय अंतिम आहे, यावर अधिक पत्रव्यवहार होणार नाही. अक्षराचाही फरक नव्हता. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि वाचता वाचताच त्याला हसू फुटले, मग मलाही. आतून आईने विचारले, ‘काय झालं व?’ तो म्हणाला, ‘काही नाही, आजी. वाढ मले.’