डोकं आणि शेपटी

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या इंझोरीच्या आसपास बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी रंगते. डफ वाजतो, रिंगण धरलं जातं. रिंगण हा सज्जन गृहस्थ. सगळ्यांना समोरासमोर उभं करतो. कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही. पालघरकडच्या वारल्यांचा तारपा नाच त्या कुळातला नव्हे. तो साखळीचा गडी. त्याला डोकं आहे, शेपटी आहे आणि वळताना डोकं शेपटीला विचारत नाही.

त्याचा स्वभाव त्याच्या वाद्यात, तारप्यात, आहे. वाळवलेला दुधीभोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढं ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. वाजवणारा गाल फुगवून फुंकतो आणि फुंकता फुंकताच नाकानं दम घेतो, म्हणून सूर तुटत नाही. सूर तुटत नाही तर नाच तरी का थांबेल? एकमेकांच्या कंबरेला हात घालून बाया-माणसं वाजवणाऱ्याभोवती फिरत राहतात. त्याच्याकडे पाठ करायची नाही, एवढाच शिष्टाचार. तोंडाशी असलेला गडी घुंगरं बांधलेली काठी जमिनीवर आपटतो, तारप्याची चाल बदलली की पावलं बदलतात. साखळी आत आत गुंडाळत जाते आणि शेपटीच्या पोराची पळता भुई थोडी होते.

स्वारी मोसमी आहे. भात पिकू लागलं की जागी होते, दिवाळीपर्यंत धुमाकूळ घालते. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी, 2011 साली ज्यांना पद्मश्री मिळाली, हीच गुंडाळी पांढऱ्या रेघांत जगभर पोचवली.

फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समध्ये, तारपा नाचाचा जुळा शोभेल असा एकजण आहे: फरांदोल. तिथंही हातात हात घातलेली साखळी वाजवणाऱ्यामागून गल्लीबोळांतून नागमोडी जाते. वाजवणारा एका हातानं छोटी बासरी धरतो, दुसऱ्यानं ढोल बडवतो. काही मंडळी त्याचं गोत्र मार्सेय वसवणाऱ्या प्राचीन ग्रीकांपर्यंत नेतात. पुराव्याच्या नावानं मात्र ठणठणाट. बिझे या संगीतकारानं 1872 साली त्याला एका नाटकाच्या संगीतात घेतलं आणि गल्लीतला हा गडी मोठ्या वाद्यवृंदात जाऊन बसला. आमच्या वारली गड्याचं मूळही कोणी सनावळीत बसवू नये. वारल्यांच्या शेतीइतका तो जुना असेल, एवढं मला पुरे.

माझी तक्रार वेगळी आहे. महोत्सवांत त्याला मंचावर आडव्या रांगेत उभं करतात. प्रमुख पाहुण्यांकडे पाठ होऊ नये म्हणून बिचारे नाचणारे तारप्याकडे पाठ करतात! तो नाच नव्हे, कवायत.

बघायचाच असेल तर डहाणू-जव्हारकडे दिवाळीच्या आत जा. कोणी बोलावलं तर चपला काढून शेपटीला लागा, आणि पळायची तयारी ठेवा.