पालीसाठी गारवा

आमच्याकडे चिपळूणला पाल अंगावर पडली की डोक्यावरून आंघोळ करायची पद्धत. मी जर्मनीत पैसे मोजून पाल घरात आणली, हे आईला अजून पचलेलं नाही.

युरोप्लॅटस फँटॅस्टिकस. मादागास्करच्या पूर्वेकडच्या वर्षावनातली, हुबेहूब वाळक्या पानासारखी. शेपटीच्या कडा तर किड्यांनी कुरतडल्यासारख्या. पहिली पाल मी मारली. म्हणजे प्रेमाने उकडली. वर्षावन म्हटलं की कोकणातला पाऊस पडायच्या आधीचा उकाडा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून काचेची पेटी जवळपास बंद, वर तापणारा दिवा, दिवसातून चारदा फवारा. ही जात राहते मात्र डोंगरातल्या गार, ओल्या सावलीत. २० ते २२ अंश तिला पुरतात; २७च्या वर बराच वेळ गेला तर जिवावर बेततं. त्या जुलैत आमच्या तिसऱ्या मजल्यावर २९ होतं, आणि एसी इथे बहुतेकांकडे नसतो.

दुसऱ्या खेपेला आधी पेटी, मग पाल. ४५ बाय ४५ बाय ६० सेंटिमीटर. तळाशी पाणी झिरपायला भाजलेल्या मातीच्या गोळ्या, त्यावर माती आणि जाड पाचोळा, पाचोळ्यात बुरशी खाणारे इवलेसे स्प्रिंगटेल. बोटाएवढ्या काटक्या, मनीप्लांट, थंड राहणारा एलईडी. हवा समोरून खालून आत, वरच्या जाळीतून बाहेर. झाडं सगळे नीट लावतात, चुकतात ते इथे. तिला ओल हवी, पण कोंडलेली नको: संध्याकाळी फवारा मारून रात्री आर्द्रता ९०च्या आसपास न्यायची, दिवसा पानं वाळू द्यायची.

आणि पेटी ठेवली इमारतीच्या तळघरात, शेजाऱ्यांच्या सायकलींमागे. सहा आठवडे ती रिकामीच चालवली, आकडे रोज वहीत. भर ऑगस्टमध्ये २१. तेव्हा कुठे पिल्लू आणलं. जंगलातून धरलेलं नव्हे, पाळलेल्या जोडीचं, कागदपत्रांसह.

पहिल्या रात्री टॉर्च घेऊन खाली गेलो. पंधरा मिनिटं शोधलं, पाल नाही. झाकण उघडं राहिलं की काय म्हणून पोटात गोळा आला. तेवढ्यात एका वाळक्या पानाने जीभ काढून स्वतःचा डोळा चाटला. तिला पापण्या नसतात, डोळे असेच पुसते.

आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “पान दिसतंय. पाल कुठाय?”